पालथा कागद

९ जुलै २०१२

प्रिय मामा,

फोनवर मी "प्रवेश मिळाला" म्हटलं, ते तुम्ही "प्रदेश मिळाला" असं ऐकलंत आणि मी कुठेतरी जमीन घेतल्याचं मामीला सांगून मोकळे झालात. तुमच्या कानातल्या यंत्राचं आणि माझ्या आवाजाचं काही जमत नाही. म्हणून आता पत्रच.

तर मला आर्किटेक्चरमधल्या पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय. बारा वर्षांची नोकरी सोडली. सदतिसाव्या वर्षी वर्गात बाकावर बसते, आणि शेजारचा मुलगा मला "काकू" म्हणू की "मॅडम" या विचारात अजून काहीच म्हणत नाही.

किती वर्षं लागणार, असं तुम्ही विचारलं होतंत. मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. आधी एक वर्ष वर्ग. मग पात्रता परीक्षा, लेखी, तीन दिवस. मग संशोधनाचा आराखडा लिहून चार जणांच्या समितीपुढे उभं राहायचं. त्यांनी मान हलवली की मी "उमेदवार" होणार. त्याआधीची दोन वर्षं मी कोण असते, ते विचारू नका. कार्यालयातल्या बाईंनाही सांगता आलं नाही. मग प्रत्यक्ष काम, दर सहा महिन्यांनी अहवाल, मग प्रबंध, तो बाहेरच्या परीक्षकांकडे जाणार, आणि शेवटी तोंडी परीक्षा. हे सगळं सहा वर्षांत. सातव्या वर्षी नाव कापतात.

माझ्या मार्गदर्शक मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझा प्रश्न काय?" मी म्हटलं, दवाखान्यांच्या इमारती. त्या म्हणाल्या, "हा विषय झाला. प्रश्न?" तीन आठवडे झाले. दवाखान्यात शिरल्यावर माणसं गोंधळतात, हा प्रश्न होऊ शकतो का? सध्या तरी मीच गोंधळलेय.

तुमची,
खारूताई

---

२१ जुलै २०१२

चि. खारूताईस, मामाचे आशीर्वाद, मामीचे वेगळे (ती म्हणते तिचे माझ्यात धरू नयेत).

पत्र दोनदा वाचलं. मामीला वाचून दाखवलं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं असं ती म्हणते. मला खरं सांगायचं तर फार कळलं नाही. तू आर्किटेक्ट आहेसच. आता त्यावर डॉक्टर म्हणजे नवीन काय येणार हातात? मी साहेबांच्या ऑफिसात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. साहेब एवढे नावाजलेले आर्किटेक्ट, पण त्यांच्या नावापुढे काही लावल्याचं आठवत नाही.

तरी मी माझ्यापुरतं असं लावून घेतलंय : वर्ग म्हणजे पाया खणणं, परीक्षा म्हणजे जोतं, समिती म्हणजे दारावरचं लिंटल, प्रबंध म्हणजे स्लॅब. चूक असेल तर दुरुस्त कर. पण स्लॅब पडल्यावर त्याखाली राहायला कोण येणार, ते तू लिहिलं नाहीस.

प्रश्नाचं म्हणशील तर आमच्या ऑफिसात ज्याला प्रश्न पडत त्याला साहेब परत टेबलावर बसवत आणि म्हणत, आधी रेघ सरळ काढ. तूही काहीतरी मोजायला घे. मोजता मोजता सुचेल.

तुझा,
मामा

---

२६ नोव्हेंबर २०१३

प्रिय मामा,

जोतं झालं! पात्रता परीक्षा पास झाले. आता कबूल करते : मे महिन्यात तुम्ही विचारलंत तेव्हा "निकाल लांबलाय" म्हटलं, ते खोटं होतं. तेव्हा मी नापास झाले होते. दोनच संधी असतात, ही दुसरी होती. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन ग्रंथालयात जायचे आणि पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसायचे.

पण खरी बातमी पुढेच आहे. तुमचं ऐकलं आणि मोजायला लागले. अकरा दवाखाने मोजले. बाराव्यात प्रश्न सापडला, आणि तो दवाखाना तुमच्या साहेबांचा निघाला! मोठ्या फाटकाचा, तुम्ही नोकरीला लागलात त्या सुमाराचा. आठवतोय ना?

त्याच्या ओपीडीत फाटकातून शिरलं की समोर कोरी भिंत येते. नोंदणीची खिडकी पार मागच्या बाजूला. तिथे पोचायला एक पडवी आहे, चौकाला वळसा घालून, तीन वळणं, माझ्या पावलांनी चौऱ्याऐंशी पावलं. एका बाजूला भिंत आणि बाक, दुसऱ्या बाजूला झाडं आणि उजेड. कुठलाही आर्किटेक्ट खिडकी फाटकासमोर ठेवेल. साहेबांनी मुद्दाम लांब नेली! घाबरलेल्या माणसाला थोडं चालवायचं, थोडा उजेड दाखवायचा, मग नाव विचारायचं. फाटकाजवळ त्यांनी संडास ठेवले आहेत, तेही किती विचारपूर्वक : शरीराची पहिली गरज आधी. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला चहा पाजला. दीड वर्षात पहिल्यांदा.

अडचण एकच. सुरुवातीचे नकाशे ओल लागून गेले. दवाखान्याकडे फक्त शेवटचा नकाशा आहे. त्या ऑफिसातलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. साहेब या पडवीबद्दल काय म्हणायचे? एक वाक्य आठवलं तरी चालेल.

खारूताई

---

१९ डिसेंबर २०१३

चि. खारूताईस आशीर्वाद.

पास झालीस, आनंद वाटला. नापास झालीस तेव्हा सांगितलं असतंस तरी आम्ही काही बोललो नसतो.

मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तिला आता घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे माझे हाल आहेत.

दवाखान्याचं फार जुनं झालं. साहेब त्याबद्दल काही बोलत नसत. माझं ऐकशील तर दुसरी इमारत घे. साहेबांनी एक शाळा केली होती, फार सुरेख आहे, जिने बघण्यासारखे. तिचे नकाशेही मिळतील.

मामा

---

११ मार्च २०१४

प्रिय मामा,

समितीनं मान हलवली. मी आजपासून उमेदवार!

चौघं समोर बसले होते. त्यातले एक पहिल्यापासून शेवटपर्यंत पेनाचं टोपण उघडत-मिटत होते. त्यांनीच विचारलं, "आर्किटेक्टनं हे मुद्दाम केलं, याला पुरावा काय?" आणि मग तुमचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "त्यांच्या ऑफिसात छत्तीस वर्षं काम केलेल्या ड्राफ्ट्समनची साक्ष आहे : साहेब त्याबद्दल काही बोलत नसत. बाकी प्रत्येक कामाबद्दल तासन्‌तास बोलणारा माणूस याच एका कामाबद्दल गप्प राहतो. हे मौन म्हणजेच त्यांची भूमिका आहे." टोपण मिटलं, ते उघडलंच नाही. मॅडम नंतर म्हणाल्या, तिथेच बाजी मारलीस.

मॅडम आणि मी मिळून यावर एक लेखही लिहितोय. प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव सगळ्यात वर येणार. शाळेबद्दल लिहिलंत ते कळलं मला. स्वतःच्या कामाचं कौतुक करून घ्यायला तुम्ही आधीपासूनच लाजता.

खारूताई

---

२ एप्रिल २०१४

चि. खारूताई,

हे पत्र बसून वाच. तू मला आभारात घातलंस आणि साक्षीलाही उभं केलंस, म्हणून लिहावं लागतंय. तीन वेळा लिहून फाडलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. ओपीडीचा नकाशा साहेबांनी पेन्सिलीनं ट्रेसिंग कागदावर काढून दिला. त्यावर अक्षरं नव्हती, अक्षरं घालणं माझं काम. तो कागद खाली लावायचा, वर दुसरा ट्रेसिंग कागद ठेवायचा आणि शाईनं उतरवायचा. ट्रेसिंगवरची रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मी खालचा कागद पालथा लावला. बस, एवढंच. डावीकडचं, म्हणजे फाटकाकडचं, उजवीकडे मागे गेलं आणि उजवीकडचं डावीकडे फाटकाशी आलं. वर मी सुलटी अक्षरं घातली, उत्तरेचा बाण काढला. साहेब बाहेरगावच्या कामाच्या गडबडीत होते. सही करताना त्यांनी मापं तपासली. मापं सगळी बरोबरच होती.

जोतं वर आलं तेव्हा आम्ही दोघं साइटवर गेलो. फाटकातून शिरल्यावर समोर नोंदणीची खिडकी यायची होती. तिथे संडासाची भिंत येत होती. साहेबांनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता मारतील. ते तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसले. मुकादमानं विचारलं, "साहेब, पाडू का?" ते म्हणाले, "थांब."

दुसऱ्या दिवशी ते पडवी काढून घेऊन आले, चौकाला वळसा घालणारी. दवाखान्याच्या मंडळाला म्हणाले, "माझा विचार बदलला." मला म्हणाले, "याबद्दल बोलायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही." ते गेले तोपर्यंत बोलले नाहीत. "साहेब त्याबद्दल काही बोलत नसत" हे मी तुला खरंच लिहिलं होतं, पण तुला टाळण्यासाठी लिहिलं होतं. तू त्यावर लिंटल टाकशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता तुझ्या डिग्रीचं काय होतं ते मला समजत नाही. तुझ्या पत्रात सगळं इतकं छान जमून आलं होतं की एकदा मलाच वाटलं, असेलही तसंच.

मामा

---

१७ ऑगस्ट २०१४

चि. खारूताई,

साडेचार महिने झाले. पत्र पोचलं की नाही? फोन केला तर तू "नंतर बोलते" म्हणालीस असं मला ऐकू आलं. "अंतर पडलंय" म्हणाली असशील तर तेही चालेल, पण नक्की काय ते कळव. मामी विचारते, ताईचं पत्र का नाही? मी सांगतो, तिला काम आहे. तिला मूळ गोष्ट अजून सांगितलेली नाही.

मामा

---

५ ऑक्टोबर २०१४

प्रिय मामा,

रागावले नव्हते. किंवा रागावले होते, पण कोणावर ते ठरत नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, तुमचं वय झालं, दोन कामांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील. चक्क तशी प्रार्थना केली. मग दवाखान्यात गेले. तिथल्या प्लंबरला म्हटलं, मला ओपीडीच्या मागची बाजू दाखवा. नोंदणीच्या खिडकीखाली, गवतात, सिमेंटचं झाकण होतं. उचललं. आत मोठं ड्रेनेजचं चेंबर, चांगलं बांधलेलं आणि कोरडं ठणठणीत. एकही पाइप आलेला नाही. प्लंबर म्हणाला, "ताई, वीस वर्षं इथे आहे, पण हे कशाला बांधलंय कुणालाच माहीत नाही." मला मात्र कळलं. संडास तिथे यायचे होते. ड्रेनेजवाल्यांनी साहेबांच्या मूळ कागदावरून काम सुरू केलं होतं, ते तुमच्या कागदावर थांबलं. मी त्या झाकणावर बसले आणि हसले की रडले ते प्लंबरलाच विचारा. बिचारा पाणी घेऊन आला.

नंतरचे तीन महिने मी काहीच केलं नाही. सहामाही अहवालात "प्रगती समाधानकारक" लिहिलं. लेख स्वीकारला गेल्याचं कळलं, त्यावरही गप्प बसले. मामा, मला असंही वाटून गेलं की हे फक्त दोघांना माहीत आहे, आणि त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नाही. हा विचार माझ्या मनात आला हे तुम्हाला सांगायलाच हवं.

मागच्या सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, "एका पत्रावर?" मी म्हटलं, "पत्र आणि चेंबर." त्या म्हणाल्या, "त्या लेखावर माझंही नाव आहे, मी पावणेदोन वर्षांत निवृत्त होतेय, आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" मग, "दोन दिवस दे." तिसऱ्या दिवशी गेले तर लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी स्वतःच टाइप करून सही करून ठेवलं होतं. माझ्या सहीची जागा मोकळी.

आता नवा आराखडा, पुन्हा समिती. एक वर्ष गेलंच. आणि तुमच्या पत्रावर भागणार नाही. तुमची रीतसर मुलाखत हवी, ध्वनिमुद्रित, आधी संमतीपत्रावर सही घेऊन. "एक निवृत्त ड्राफ्ट्समन" एवढंच लिहून नाव गाळता येतं. पण साहेबांना जो शब्द दिलात तो मोडायचा की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. नाही म्हणालात तर मी ती शाळा घेईन. खरंच घेईन.

खारूताई

---

८ नोव्हेंबर २०१४

चि. खारूताईस आशीर्वाद.

महिनाभर साहेबांशी मनातल्या मनात बोलत होतो. ते नेहमीसारखेच काही बोलले नाहीत.

शेवटी मामीला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, "म्हणून आपण तिथे राहत होतो तेव्हा हा दवाखाना जवळ असून तुम्ही मला प्रत्येक वेळी तिकडच्या लांबच्या दवाखान्यात नेत होतात? दोन बस बदलून? सातव्या महिन्यातसुद्धा?" मी हो म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साहेबांनी तुमची चूक झाकली की स्वतःची? सही तर त्यांची होती." पंचेचाळीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अजून उलगडा होत नाही.

मुलाखत घे. नाव गाळू नकोस. फक्त एक अट : चूक माझी होती आणि पडवी साहेबांची, ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहायची. आणि संमतीपत्रात "मी कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकतो" असं लिहिलंय, ते कशातून माघार? झालेल्या गोष्टीतून घेता येत असेल तर तेवढं कळव.

मामा

---

१२ डिसेंबर २०१७

प्रिय मामा, प्रिय मामी,

प्रबंध परीक्षकांकडून परत आला, आणि तोंडी परीक्षा १७ जानेवारीला ठरली. सहा वर्षं भरायला सहा महिने बाकी. मॅडम निवृत्त झाल्या तरी येणार आहेत, मागच्या रांगेत बसणार म्हणाल्या. परीक्षा खुली असते, कोणीही येऊ शकतं. तुम्ही दोघांनी यायचंच.

फोनवर तुम्ही विचारलंत की शेवटी निघालं काय. दोनशे बारा रुग्णांशी बोलले. ज्यांना काही दुखत होतं ते त्या पडवीला शिव्या देतात. ज्यांना फक्त भीती होती त्यांना तिथे बरं वाटतं. म्हणजे चांगली की वाईट? दोन्ही. प्रबंध त्याबद्दल आहे : चूक झाल्यावर ती न पाडता तिच्याभोवती इमारत कशी उभी राहते, आणि मग त्या इमारतीत लोक कसे वागतात. यालाही डॉक्टरेट देतात का, असं विचारू नका. ते १७ तारखेला कळेल.

खारूताई

---

२४ जानेवारी २०१८

चि. खारूताईस,

घरी सुखरूप पोचलो. तुझीच परीक्षा तुला काय सांगायची, पण तू माझ्या बाजूला बसलेली नव्हतीस, म्हणून लिहितो.

तू बोलत होतीस तेव्हा मला नकाशे दिसत होते, पण आवाज येत नव्हता. यंत्रात नुसती शिट्टी वाजत होती. परीक्षक काहीतरी विचारत आणि तू मान खाली घालत होतीस. मग ते सगळे एकदम उठून बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. तू टेबलापाशी एकटी उभी. मला वाटलं, संपलं. मामीला म्हटलं, "माझ्यामुळे गेलं." तुझ्या मॅडमनी मागून वाकून माझ्या कानात ओरडून सांगितलं, "अहो, अशीच पद्धत असते! बाहेर जाऊन ठरवतात!" सगळी खोली हसली. तूही हसलीस, तेव्हा मला जरा श्वास आला.

ते परत आले आणि एकानं तुझा हात हातात घेऊन तुला "डॉक्टर" म्हटलं. हे मात्र मला यंत्राशिवाय कळलं. मग तेच, तू लिहिलेले टोपणवाले, पेनाचं टोपण उघडत-मिटत माझ्याकडे आले. मोठ्यानं म्हणाले, "कागद पालथा ठेवताना तुमच्या मनात काय चाललं होतं?" मी म्हटलं, "भूक लागली होती." ते टोपण खिशात ठेवून म्हणाले, "हे प्रबंधात नाही." म्हणून तुला तो जास्तीचा परिच्छेद लिहायला लागतोय, माफ कर.

दुसऱ्या दिवशी तू दुरुस्त्यांच्या कागदांसाठी विद्यापीठात अडकलीस, तेव्हा आम्ही बाजारात गेलो नव्हतो. मामी म्हणाली, "आता तरी दाखवा." तिला दवाखान्यात घेऊन गेलो. मी जोत्यानंतर तिथे कधीच पाऊल टाकलं नव्हतं. समोर भिंत आली. मी पडवीकडे वळलो. झाडं केवढी वाढली आहेत. पहिल्या वळणावर मामी म्हणाली, बरं वाटतंय. दुसऱ्या वळणावर म्हणाली, गुडघा दुखतोय. तुझे दोनशे बाराही बरोबरच सांगत असणार.

तिसऱ्या वळणाआधी बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. मला म्हणाल्या, "नोंदणीची खिडकी कुठे हो?" मी सांगितलं, अजून एक वळण, मग उजव्या हाताला. त्या वैतागून म्हणाल्या, "मेल्यांनी इतकी लांब कशाला बांधली? कोणाची अक्कल ही?"

मी म्हटलं, "माझी."

त्यांनी माझ्या कानातलं यंत्र पाहिलं. त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मोठ्यानं ओरडल्या, "अहो, खिडकी! इतक्या लांब कोणी नेली म्हणते मी!"

मीही तितक्याच मोठ्यानं ओरडलो, "मी! मीच नेली!"

सगळी पडवी आमच्याकडे बघायला लागली. मामीनं तोंडाला पदर लावला. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं, एक्स-रेचं पाकीट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि बाकावर सरकून घेतलं.

"मग बसा घटकाभर," म्हणाल्या. "दमला असाल."

बसलो.

मामा